गिटारच्या सहा किल्ल्या

“दस्तू, ह्या सहाच्या सहा किल्ल्या काढ आणि ह्या नव्या घाल. रविवारी चार वाजता प्रोग्रॅम आहे.”

जोसेफकाका आले तेव्हा दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं. मी वाकून आत शिरत होतो आणि ते माझ्या मागोमाग, गिटार छातीशी धरून, तसेच वाकून आत आले. बुधवार होता. अब्बांना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि मिरजेतलं आमचं सतारीचं दुकान माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि त्या वयात वाटतं तसं मलाही वाटायचं, की आपल्याला सगळं येतं.

“काका, हे सतारीचं दुकान आहे. तुमची गिटार विजेवर चालते. उद्या रूथकाकूंचा मिक्सर घेऊन याल दुरुस्तीला.”

“लाकूडच आहे की रे. आणि लाकडात बसवलेल्या खुंट्या. तुम्ही खुंट्या म्हणता, आम्ही किल्ल्या म्हणतो. फरक काय?”

फरक काय ते मला गुरुवारी कळणार होतं. बुधवारी मी हसलो आणि गिटार मांडीवर घेतली.

जोसेफ आवळे म्हणजे अब्बांचे जिवाभावाचे दोस्त. जन्मभर हॉस्पिटलात एक्स-रे काढले आणि सुट्टी मिळेल तेव्हा भूपाल मगदूमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. गणेशोत्सव, लग्नं, साखर कारखान्याचे समारंभ, सांगलीपासून निपाणीपर्यंत एक गाव सोडलं नाही. आमच्या गल्लीत कुणी मेलं तरी कोण सुरात रडतंय ते आधी ऐकतात. अशा गल्लीत अब्बा फक्त काकांचा कान मानायचे. मी पहिल्यांदा जवारी काढली, म्हणजे सतारीच्या तारांखालची घोडी अशी घासली की तार छेडल्यावर गुणगुणली पाहिजे, तेव्हा अब्बांनी ती स्वतः ऐकलीसुद्धा नाही. काकांना घरून बोलावून आणलं. काकांनी डोळे मिटून तार छेडली, पुन्हा छेडली आणि म्हणाले, “उस्मानभाई, पोरगं कामाला आलं.” त्या दिवसापासून मी स्वतःला सतारमेकर म्हणवून घ्यायला लागलो.

“एवढी घाई कशाला करता?” मी विचारलं.

काका माझ्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसले होते. “मगदूमनं तालमीत सगळ्यांसमोर सांगितलं. जोसेफ, तुझी गिटार सुरात राहत नाही. एक तर नीट करून आण, नाही तर रविवारी खाली खुर्चीत बसून ऐक. कोल्हापूरचा एक गिटारवाला सांगून ठेवलाय त्यानं.”

“मगदूमअण्णा असं बोलले? तुम्हाला?”

“त्याचं काय चुकलं? किल्ल्याच धरत नाहीत त्याला तो काय करणार?” ते खाली बघत म्हणाले. “पंचविसावं वर्ष आहे. हा शेवटचा प्रोग्रॅम, ह्यानंतर ऑर्केस्ट्रा बंद. पहिल्या दिवशी स्टेजवर दोघंच होतो, तो पेटीवर आणि मी. शेवटच्या दिवशी मी खाली बसायचं व्हय?”

मी किल्ल्या फिरवून बघितल्या. पहिली जाम. दुसरी नुसतीच गरगर फिरायची, तार जागची हलायची नाही. तिसरीला दात होते की नाही देव जाणे, कर्रकर्र वाजून मागे यायची. बाकीच्या तिन्ही गंजून लाल झालेल्या. अशा किल्ल्यांवर गिटार सुरात राहिली असती तरच नवल. मी त्यांना म्हणालो, “शनिवारी सकाळी घेऊन जा.”

आमच्या दुकानाची एक रीत आहे, ती इथंच सांगितली पाहिजे. वाद्य आम्ही करतो, सूर वाजवणारा लावतो. तारा चढवायच्या पण ढिल्या ठेवायच्या आणि वाद्य तसंच हातात द्यायचं. मग गिऱ्हाईक आमच्यासमोर बसून सूर लावतं, आणि त्या वेळी आम्ही तोंड उघडायचं नाही. एकदा पुण्याचे एक मोठे गृहस्थ आले होते. त्यांनी अर्धा तास खटपट करून सतार अशी काही लावली की बाहेरची शेळी ओरडायची थांबली. अब्बा मान खाली घालून उभे राहिले आणि त्यांना रिक्षापर्यंत सोडून आले. मी हसायला लागलो तर माझ्यावर उखडले. “वाद्याचं काय ते आपण बघायचं. माणसाच्या कानाबद्दल बोलायचा आपला धंदा नाही.” अब्बा गेल्यावर मी दुकानातलं बरंच काही बदललं, ही रीत मात्र तशीच ठेवली होती.

बुधवारचा सगळा दिवस स्क्रूंमध्ये गेला. प्रत्येक किल्लीच्या पाठीला पत्र्याची एक डबी आणि ती लाकडाला धरून ठेवणारे तांदळाएवढे दोन स्क्रू. बारा स्क्रू, बाराही गंजलेले. जोर लावला की डोकं तुटून हातात येणार आणि बुडखा लाकडातच राहणार. मग रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरिंगची कांडी आणली. ती तापवून एकेका स्क्रूच्या डोक्यावर टेकवायची, मनात पन्नास मोजायचे, मग स्क्रू आधी आवळायच्या बाजूला किंचित सरकवायचा आणि नंतर उलटा फिरवायचा. काका शेजारी भोपळ्यांच्या ढिगापाशी स्टूल टाकून बसले होते. एकेक स्क्रू निघाला की डबीच्या झाकणात टाकून मोजायचे.

दुपारी रूथकाकू डबा घेऊन आल्या. आल्या की आधी काकांच्या दंडाला हात लावायच्या आणि मग बोलायच्या. पस्तीस वर्षांच्या संसारानंतरही बायको नवऱ्याला असा हात लावून बोलते ह्याचं मला कौतुक वाटायचं. माझं लग्न ठरत होतं, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या नजरेत भरायच्या.

“होईल का रे दस्तगीर?” त्यांनी विचारलं.

“होईल की. अकरा निघाले.”

“नाही झालं तरी चालेल,” त्या हळूच म्हणाल्या. काका डब्यातली भाजी बघत होते.

“असं कसं चालेल? मग अण्णा त्यांना खाली बसवतील.”

रूथकाकू पोळीवर पोळी ठेवत राहिल्या.

बारावा स्क्रू संध्याकाळी निघाला. गुरुवारी सकाळी राहिल्या त्या पितळी रिंगा. किल्लीची दांडी ज्या भोकातून वर येते त्या भोकात पुढच्या बाजूनं एक पितळी रिंग ठोकून बसवलेली असते. नव्या किल्ल्यांच्या दांड्या जाड होत्या, त्यामुळे जुन्या रिंगा काढल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. पाच रिंगा कांडीची ऊब देऊन, मागून हळूहळू दाबत बाहेर काढल्या. सहावी हलेना. रंगाच्या थराखाली ती अशी रुतून बसली होती की जणू लाकडातूनच उगवली असावी.

आता सतारीची खुंटी अडकली की आम्ही काय करतो, तर तिच्या बारीक टोकाला लाकडाचा ठोकळा लावतो आणि वर मोगरीचा एकच नेमका ठोका देतो. खुंटी निमुळती असते, एकदा सुटली की सुटली. हा ठोका मला अब्बांनी बाराव्या वर्षी शिकवला होता आणि माझा हात त्यात इतका बसला होता की विचार करायची गरजच पडायची नाही. त्या दिवशीही मी विचार केला नाही. मागून ठोकळा लावला आणि ठोका दिला.

पण रिंग निमुळती नसते. सरळसोट असते आणि लाकडाला चारी बाजूंनी चावून बसलेली असते. ती निघाली, पण निघताना टक्क असा आवाज झाला. मी गिटार उलटी केली. भोकापासून कडेपर्यंत लाकूड उभं चिरलं होतं, नखाच्या जाडीइतकी फट पडली होती.

वर बघायची हिंमत होईना.

काका पुढं वाकले. फटीवरून बोट फिरवलं. “चिरली?”

“चिरली, काका. माझंच चुकलं. सतारीसारखा ठोका दिला.”

“म्हणजे आता रविवारपर्यंत नाही होणार?”

आज मी तो प्रश्न आठवतो तेव्हा त्यातला आवाज मला स्वच्छ ऐकू येतो. माणूस घाबरून विचारतो तसं ते विचारत नव्हते. त्यांचे खांदे उतरले होते, चेहरा मोकळा झाला होता. पण सव्वीस वर्षांच्या अपराधी माणसाला दुसऱ्याचा चेहरा वाचायला कुठं सवड असते! मी ताडकन बोललो, “होणार! का नाही होणार? सरस भरतो, सुतळीनं आवळून ठेवतो. शुक्रवार अख्खा वाळू देतो. शनिवारी तुमच्या हातात गिटार नाही दिली तर अब्बांचं नाव सांगणार नाही.”

“नको रे, उगाच कशाला जिवाला त्रास. चिरलीच आहे तर मगदूमला सांगतो की चिरली म्हणून. तो काय करणार?”

“काका, तुम्ही मला सतारमेकर केलंत. तुम्हाला खाली खुर्चीत बसू देईन होय?”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग मान हलवली आणि स्टूल सरकवून दाराकडे तोंड करून बसले. मला वाटलं माझ्यावर रागावले.

शुक्रवारी लाकूड वाळलं. स्क्रूंच्या जुन्या भोकांत बांबूच्या काड्या सरसात बुडवून बसवल्या आणि त्या कापून सपाट केल्या. शनिवारी सकाळी नव्या रिंगा हातानं दाबून बसवल्या, ठोका द्यायची छाती नव्हती. स्क्रूंना साबण लावला आणि बाराही एका दमात आत गेले. नव्या किल्ल्या इतक्या हलक्या फिरत होत्या की एका बोटाने फिरवाव्यात. चिरेची जागा मी रंगानं अशी झाकली की मलाच शोधावी लागली. खरं सांगतो, मी खूश होतो. अब्बा असते तर काकांना बोलावून दाखवलं असतं, असं मनात आलं.

अकराच्या सुमारास दोघं आले. तारा चढवून ढिल्या ठेवल्या होत्या. रीतीप्रमाणं गिटार काकांच्या हातात दिली आणि पेटी पुढं ओढून भाता मारला. त्यांनी सांगितलेली पट्टी दाबून धरली.

काकांनी गिटारच्या कडेवर हनुवटी टेकवली आणि पहिली तार चढवायला लागले.

तार सुराजवळ आली. सुराला लागली. आणि काका थांबले नाहीत. ते वर गेले, आणखी थोडं वर, मग खाली आले, सुराला ओलांडून भलतीकडेच गेले आणि तिथं थांबले. मला वाटलं गंमत करतायत. दुसरी तार लावली तीही तशीच, तिसरी उतरलेली, पाचवी अर्ध्या सुराने चढलेली. मी पट्टी दाबूनच होतो. पेटी एक सांगत होती आणि गिटार दुसरंच काही. ते इतकं उघड होतं की रस्त्यानं जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यानं, शब्बीरनं, आत डोकावून बघितलं. काकांच्या कपाळावर घाम आला होता. हनुवटी गिटारवर घट्ट दाबून ते किल्ल्या फिरवत होते, आणि माझ्या त्या नव्या किल्ल्या लोण्यासारख्या फिरत होत्या. जुन्या किल्ल्या तार हलूच देत नव्हत्या म्हणून गिटार निदान सुराच्या आसपास तरी अडकून राहिली होती. आता अडवायला काही उरलं नव्हतं.

मी भाता मारायचा थांबलो. काकांना ते कळलं नाही. दोन क्षणांनी त्यांची नजर माझ्या हाताकडे गेली तेव्हा ते थांबले.

त्यांनी सहाही तारांवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी वर बघितलं, माझ्या चेहऱ्याकडे, आणि विचारलं, “लागली?”

आमच्या दुकानात हे कुणी कधीच विचारलं नव्हतं. वाजवणारा विचारत नाही, तो सांगतो.

मिरजेतला सगळ्यात चांगला कान माझ्या समोर बसला होता, ज्यानं माझी पहिली जवारी पास केली होती. त्याला मी काय सांगायचं? मी रूथकाकूंकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या, माझ्याकडे टक लावून.

“लागली, काका,” मी म्हणालो.

त्यांनी सावकाश मान हलवली आणि गिटार कापडात गुंडाळायला घेतली. ते चपला घालायला बाहेर गेले तेव्हा रूथकाकू माझ्याजवळ आल्या.

“मला वाटलं होतं तू सांगशील.”

“काकू, कधीपासून?”

“दोन वर्षं. स्टेजवर स्पीकरच्या बॉक्सशेजारी उभं राहून राहून गेले कान. उजवा पूर्ण, डावा असून नसल्यासारखा. हॉस्पिटलातल्या ओळखीच्या डॉक्टरांनी तपासलं. घरी आले आणि म्हणाले, किल्ल्या खराब झाल्यात.”

“मग तुम्ही का नाही…”

“मी सांगायचं? मी?” त्यांचे डोळे भरले. “त्यांना वाटत होतं, किल्ल्या बदलल्या की सगळं नीट होईल. मलाही वाटायला लागलं होतं बघ.”

पाठीमागून काकांनी हाक मारली आणि त्या गेल्या. मी शटर ओढून घेतलं. भर दुपारी दुकानात अंधार करून बसलो आणि स्वतःला शिव्या घातल्या.

रविवारी मी तीन वाजताच नाट्यगृहावर गेलो. मनात एक बेत होता. काका चहा प्यायला विंगेतून बाहेर गेले तशी मी गिटार उचलली आणि मिनिटभरात सुरात लावली. इतकी सुंदर लागली की मलाच बरं वाटलं. काका परत आले, गिटार गळ्यात अडकवली, हनुवटी टेकवली, तारा छेडल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. “कुणीतरी हात लावलाय,” म्हणाले, आणि एकेक किल्ली फिरवून गिटार पुन्हा त्यांच्या सुरात नेली. मी दोन हात लांब उभा होतो. पुढं होऊन त्यांचा हात धरायला पाहिजे होता. पण तेवढ्यात मगदूमअण्णा आले, कोट घातलेले, सेंट मारलेले, आणि काकांच्या पाठीवर थाप मारून ओरडले, “काय जोसेफ! झाली का नाही मर्दा गिटार नीट?”

“झाली. उस्मानभाईच्या पोरानं केली. विचार त्याला.”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “मग काळजी नाही. कोल्हापूरवाल्याला मी येऊ नको म्हणून सांगितलं बघ.”

पडदा वर गेला तेव्हा मी रूथकाकूंच्या शेजारी तिसऱ्या रांगेत होतो. सगळं नाट्यगृह भरलं होतं. पहिल्याच गाण्यात काकांचा गिटारचा तुकडा होता. तो सुरू झाला आणि माझ्या मागचा एक माणूस “आयला” म्हणाला. कुणीतरी हसलं. गाणाऱ्या बाईनं चमकून मागं बघितलं आणि तिचा सूरच हलला. अण्णांची बोटं पेटीवर चालत होती, पण मान वळली होती. काका डोळे मिटून, चेहऱ्यावर हसू घेऊन, एक पाय पुढच्या बॉक्सवर ठेवून वाजवत होते. मागून शिट्टी आली. रूथकाकूंनी पदर तोंडाला लावला.

मला ते सहन झालं नाही. गाणं संपलं तसा मी उठलो आणि अंधारात मागच्या बाजूला साउंडवाल्याकडे गेलो. तो ओळखीचा होता, बंडा घाटगे.

“बंडा, गिटार खाली घे.”

“अण्णा सांगतायत?”

“हो,” मी म्हणालो. “अण्णा सांगतायत.”

“किती खाली?”

“पूर्ण.”

त्यानं बटण सरकवलं. दुसरं गाणं सुरू झालं आणि ते स्वच्छ होतं. लोक सावरून बसले. तिसऱ्या गाण्याला टाळ्या पडल्या, पाचव्याला वन्समोअर मिळाला. अण्णा खुलले. त्यांना वाटलं गिटार सुरात आली, किंवा काय वाटलं कोण जाणे, एवढ्या वाद्यांच्या गर्दीत बसून वाजवताना कुणाला काय कळतं! आणि दोन तास काका वाजवत राहिले. बोटं सगळी जागच्या जागी पडत होती, एकही तुकडा चुकला नाही. नुसती बोटं. रूथकाकूंनी मला एका शब्दानंही विचारलं नाही.

सव्वासहाला पडदा पडला. मी विंगेत गेलो तेव्हा काका एका खोक्यावर बसून फडक्यानं तारा पुसत होते.

“छान झाला प्रोग्रॅम,” मी त्यांच्यासमोर वाकून म्हणालो.

“दस्तू, मगदूमनं माझा आवाज बंद केला.”

मी तिथंच जमिनीवर टेकलो.

“पाय होता की माझा बॉक्सवर. त्या बॉक्समध्ये फक्त माझी गिटार असते. पहिल्या गाण्याला तळव्याला कळत होतं. दुसऱ्याला बॉक्स मेला.” ते तार पुसत होते, एकच तार, परत परत. “मला वाटलं वायर निघाली. बघितलं तर वायर जागेवर. मग कळलं. खाली उतरलो असतो तर लोकांना कळलं असतं. म्हणून वाजवलं.”

“काका…”

“किल्ल्यांचा दोष नव्हता. मलाही माहीत आहे ते. त्यानं मला येऊन सांगायचं होतं, जोसेफ, तुझे कान गेले, आता बस. पंचवीस वर्षं शेजारी उभा राहिलोय मी त्याच्या. मी बसलो असतो. असं दोन तास बाहुलं करून नाचवायचं होतं काय त्यानं?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते माझ्या ओठांकडे बघत होते, मी काय बोलतो ते बघायला. मी तोंड उघडलं. एकच वाक्य होतं आणि ते जिभेवर आलंही होतं.

तेवढ्यात अण्णा हार गळ्यात घेऊन, हसत, हात पसरून आले. “जोसेफ! काय रंगला रे आज!”

काका उठले. गिटार कापडात गुंडाळली, अण्णांच्या पसरलेल्या हातांच्या बाजूनं निघून गेले आणि जिना उतरले. अण्णा तसेच उभे राहिले. “ह्याला काय झालं?” त्यांनी मला विचारलं. मी काकांच्या मागं धावलो, पण रिक्षा गेली होती.

दुसऱ्या दिवशी सांगू, म्हणालो. मग आठवड्यानं सांगू. मग माझं लग्न आलं. त्यात अण्णा एका पंगतीला जेवले आणि काका दुसऱ्या पंगतीला. अण्णा तीन वेळा काकांच्या घरी गेले आणि तिन्ही वेळा रूथकाकूंना दारातूनच त्यांना परत पाठवावं लागलं. रूथकाकूंना सगळं माहीत होतं. त्या मला म्हणायच्या, “नको सांगूस. मगदूमवर राग धरून बसलेत तर निदान बसलेत. तुझ्याकडे तरी येतात.” आणि काका माझ्याकडे खरंच यायचे, रोज, मरेपर्यंत. स्टुलावर बसून मी काय करतो ते बघायचे. अकरा वर्षं.

काकांच्या मातीला मी गेलो तेव्हा अण्णा दफनभूमीच्या फाटकाबाहेर, रस्त्यावरच उभे होते. खूप थकले होते. आत यावं की न यावं, ह्या विचारात हातातली फुलं चुरगळत होते. मला बघितलं आणि माझ्या मनगटाला धरलं.

“दस्तगीर, त्या दिवशी तू होतास. खरं सांग बाबा. माझं काय चुकलं होतं?”

आत पाद्रीबाबांचा आवाज येत होता. रूथकाकू खड्ड्याच्या कडेला उभ्या होत्या. आता ऐकायला काका नव्हते, दुखावायला कुणी नव्हतं. तरीही अण्णांच्या तोंडाकडे बघून मी म्हणालो, “मला माहीत नाही, अण्णा.”

त्यांनी माझा हात सोडला. “त्यालाच माहीत असणार,” ते म्हणाले, फाटकातून आत गेले आणि मूठभर माती घेऊन रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभे राहिले.